पऱ्हाटीतल्या बाईची बखर कोण लिहिणार?

मैत्रिणींनो, कुठल्याही गावच्या वाचनालयात जा आणि 'ऐतिहासिक' अशी चिठ्ठी डकवलेल्या कपाटापुढे पाच मिनिटं उभ्या राहा. कव्हरांवर घोडे दिसतील, तलवारी दिसतील, जिरेटोप आणि पगड्या दिसतील. ही पुस्तकं सगळ्यांत जास्त फाटलेली असतात, कारण तीच सगळ्यांत जास्त वाचली जातात. आमच्या गटातल्या मुली ती वाचतात, शाळेतले मास्तर वाचतात, एसटीचे कंडक्टर वाचतात. आपल्या समाजाला इतिहास शाळेच्या पुस्तकातून जेवढा कळतो त्याहून जास्त या कपाटातून कळतो. म्हणून या कपाटात काय आहे आणि काय नाही, हा केवळ साहित्यिकांचा मामला नाही. या कपाटात आपण नाही. मला भांडायचं आहे ते याच गोष्टीवरून.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'चं नाव घेतात. ती १८७१ सालची. पुढे हरि नारायण आपटे आले, नाथमाधव आले. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली आणि 'श्रीमान योगी' १९६८ साली. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ ची, शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची, विश्वास पाटलांचं 'पानिपत' १९८८ चं. 'छावा'वरून २०२५ साली हिंदी चित्रपटही निघाला आणि देशभर गाजला. ही पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ती लिहायला कष्ट पडले आहेत आणि ती लोकांनी मनापासून वाचली आहेत. पण दीडशे वर्षं एका भाषेनं इतिहासाची गोष्ट सांगायला घेतली की दर वेळी राजवाड्याच्याच दरवाज्यातून आत शिरायचं, याला काय म्हणायचं?

कोणी म्हणेल, त्यांत बायका नाहीत का? आहेत ना. राजमाता आहे, राणी आहे, सती जाणारी पत्नी आहे, नाचणारी आहे, कारस्थान करणारी आहे. म्हणजे कुणा थोर पुरुषाची आई, बायको, रखेल किंवा वैरीण. आणि दासी आहे. दासी पडदा बाजूला करते, तबक पुढे धरते, निरोप सांगते आणि निघून जाते. ती कुठून आली, तिला किती रुपयांना घेतलं, तिला मूल झालं तर ते कुणाचं, रात्री ती कुठे झोपते, हे लेखकानं विचारलेलं नसतं.

वास्तविक हे विचारायला कागद आहेत. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, त्यांच्या किमती आहेत. व्यभिचाराचा आरोप ठेवून बायकांना सरकारी कुणबिणी केल्याच्या, कोठीत किंवा किल्ल्यावर दळण-कांडणाला लावल्याच्या नोंदी आहेत. ज्या किल्ल्यांच्या वेढ्यांवर आपल्याकडे पानंच्या पानं लिहिली गेली, त्या किल्ल्यावरचं पीठ कुणीतरी दळलं होतं. शनिवारवाड्यातल्या मेजवानीचं वर्णन करताना लेखक पदार्थांची यादी देतो. खरकटं काढणारीचं नाव देत नाही.

'साधनं नाहीत हो ताई,' असं उत्तर मला हमखास मिळतं. सामान्य माणसं लिहून ठेवत नाहीत, मग त्यांच्यावर कादंबरी लिहिणार कशी? हे उत्तर ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण त्यात फारसा दम नाही. साधनं कमी असताना काय करता येतं हे पाहायचं तर जरा अमेरिकेकडे पाहू. अमेरिकाच का, ते पुढे येईलच.

टोनी मॉरिसन या काळ्या लेखिकेची 'अ मर्सी' नावाची कादंबरी आहे, २००८ सालची. तिचा काळ सतराव्या शतकाचा शेवट. तेव्हा अमेरिका नावाचा देशच जन्मला नव्हता. कादंबरीत राजा नाही, सेनापती नाही, नावाजलेली लढाई नाही. एक शेत आहे आणि त्यावर चार बायका आहेत. एक इंग्लंडहून पैसे मोजून आणलेली नवरी. एक मूळ रहिवासी, जिचं सगळं गाव रोगानं मेलं. एक वाऱ्यावर सोडलेली पोर. आणि एक गुलाम मुलगी, जिला मालकानं कर्जफेडीत देऊन टाकलं. या मुलीची समजूत अशी, की आपल्या आईनंच आपल्याला दूर लोटलं. आईनं असं का केलं ते वाचकाला शेवटच्या पानांत कळतं, मुलीला कधीच कळत नाही. हे वाचल्यावर गुलामगिरीवरचं दुसरं भाषण ऐकावं लागत नाही.

त्याआधीचं उदाहरण मार्गारेट वॉकरचं. तिची 'ज्युबिली' १९६६ साली आली. तिची पणजी गुलाम होती. पणजीच्या हकिकती आजीनं नातीला सांगितल्या आणि नातीनं त्यांची कादंबरी केली. साधन काय होतं? आजीची जीभ. वर तिनं कित्येक वर्षं कागदपत्रं तपासली, ती वेगळी.

तिसरं उदाहरण एका सुईणीचं. मार्था बॅलार्ड ही अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन भागातली सुईण. १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षं तिनं रोजनिशी लिहिली. हवा कशी होती, कुणाच्या घरी बाळंतपण झालं, किती सूत काढलं, कुणी पैसे दिले, कुणी बुडवले. आठशेच्या वर बाळंतपणं तिनं केली. या वहीत फक्त घरगुती बारीकसारीक गोष्टी आहेत, असं म्हणून इतिहासकारांनी ती बाजूला ठेवली होती. लॉरेल थॅचर उल्रिक या बाईंनी त्याच बारीकसारीक गोष्टींतून १९९० साली सगळं गाव उभं केलं. पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळालं. वही आधीपासून होती. ती साधन आहे असं मानणारी नजर नव्हती.

आता अमेरिकाच का, ते सांगते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. तिथला गुलाम आणि इथला शूद्रातिशूद्र यांचं दुःख एकाच रांगेतलं आहे हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी दिसलं होतं. आणि दुसरं नातं आपल्या वऱ्हाडाचं आहे. ते कापसाचं नातं आहे.

शेगाव म्हटलं की बाहेरच्यांना मंदिर आठवतं, कचोरी आठवते. पण हे कापसाच्या पट्ट्यातलं गाव आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथल्या दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली. गुलाम बायाबापड्यांनी वेचलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्या गिरण्यांचा डोळा इथल्या काळ्या मातीवर आला. भाव चढले. ज्वारीच्या जागी पऱ्हाटी आली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून खास फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. लढाई सरली, अमेरिकेचा कापूस पुन्हा सुरू झाला, भाव कोसळले. कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. जिथून गाड्या भरभरून कापूस गेला, तिथली माणसं अन्नावाचून मेली.

एवढी मोठी कादंबरी आपल्या उंबऱ्यावर पडून आहे! लॉर्ड मेयोच्या गाडीची नोंद सापडते. त्या गाडीतला कापूस वेचणारीची गोष्ट कुठे आहे?

लेखकांनो, तुम्हाला विषय सुचत नसेल तर मी सांगते. १८६५ साल. शेगावजवळच्या खेड्यातली एक बाई. तिची आई आपल्या घरचा कापूस हातचरकीवर रेचायची, सूत कातायची, महारवाड्यातल्या मागावर त्याचं लुगडं विणून यायचं. आता कापूस सरळ गाठींत जातो आणि विलायती कापड बाजारात येतं. कातणारीच्या हातचं काम गेलं, विणणाऱ्याचा माग बसला. पूर्वी कणगीत ज्वारी असायची, ती किती काढायची ते बाई ठरवायची. आता घरात नगद पैसा येतो, आणि तो पुरुषाच्या कनवटीला असतो. हा एवढा बदल एका घरात झाला तेव्हा चुलीपाशी काय बोलणं झालं असेल? पुढे दुष्काळी कामावर ती गेली असेल. खोदणाऱ्याला जास्त आणि पाट्या वाहणाऱ्याला कमी, असा तिथला हिशेब. पाट्या कोण वाहणार, हे तुम्हाला सांगायला नको. तिचं तान्हं कुठे होतं? महारवाड्यातल्या बाईला त्या कामावर पाणी कुणी वाढलं? ज्वारीचा शेवटचा पायला संपला तेव्हा घरात सर्वांत आधी कोण उपाशी राहिलं? यातल्या एकेका प्रश्नाचं एकेक प्रकरण होईल.

आणि आपल्याकडे असं कोणी लिहिलंच नाही असंही नाही. अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' १९५९ साली आला. इंग्रजी अमलातला मांगवाड्यातला माणूस, भुकेल्यांसाठी धान्य लुटणारा, कादंबरीचा नायक होतो हे अण्णा भाऊंनी दाखवलं. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची. ती ऐतिहासिक म्हणून लिहिलेली नाही, पण वऱ्हाडातली एक दरिद्री बाई, कौतिक, आख्खी कादंबरी आपल्या खांद्यावर पेलते, तेही वऱ्हाडी बोलीत. नंदा खऱ्यांनी 'अंताजीची बखर' १९९७ साली लिहिली. पेशवाईतल्या एका लहान माणसाच्या तोंडून सगळी थोरामोठ्यांची चाल त्यांनी उलटी करून दाखवली. वाट आहे. पण फकिरा पुरुष, अंताजी पुरुष. कौतिकच्या आजीपर्यंत, पणजीपर्यंत ही वाट अजून गेलेली नाही.

आपल्याच जिल्ह्याचं बघा. सिंदखेडराजा आपल्या जिल्ह्यात. दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी गर्दी लोटते. लोटू दे, चांगलंच आहे. पण बुलढाण्याचीच दुसरी एक बाई आहे, ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला, आपलं नवजात मूल मारलं म्हणून फाशीची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात ती कमी झाली, पण वर्तमानपत्रं बायकांच्या चालचलणुकीवर तुटून पडली. तेव्हा ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापून सगळ्या पुरुषजातीला जाब विचारला. त्या काळच्या नाटक-कादंबऱ्या बायकांना कसं रंगवतात, यावरही त्यांनी त्यात सडकून लिहिलं. म्हणजे मी आज जे भांडण मांडते आहे ते या मातीतलं जुनंच भांडण आहे. हे पुस्तक नंतर असं विसरलं गेलं की १९७५ साली स. गं. मालशांनी ते पुन्हा छापेपर्यंत आपल्या चळवळीलाही त्याचा पत्ता नव्हता.

इथे अमेरिका पुन्हा आठवते. १८५६ साली मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई मुलांना घेऊन पळाली. पकडणारे दारात आले तेव्हा मुलगी परत गुलामगिरीत जाऊ नये म्हणून तिनं स्वतःच्या हातानं तिला मारलं. या बातमीच्या कात्रणावरून टोनी मॉरिसननं १९८७ साली 'बिलव्हेड' लिहिली आणि ती जगभर वाचली गेली. आपल्याकडे विजयालक्ष्मी होती. बातमी होती, खटला होता, ताराबाईंचं धगधगतं पुस्तक होतं. विजयालक्ष्मीची कादंबरी मात्र माझ्या हाती अजून आलेली नाही. मग साधनं नाहीत हे कुणाला सांगता?

आणखी साधनं सांगते. मातंग समाजातल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. अंगावर छप्पर नसताना होणाऱ्या बाळंतपणाचं दुःख तिनं त्यात सांगितलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या खेड्यातल्या बायकांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात सरकारनं बेकार लेखकांना पगार देऊन पूर्वीच्या गुलामांकडे पाठवलं आणि दोन हजार तीनशेहून जास्त हकिकती लिहून घेतल्या. त्यांतले बहुतेक जण ऐंशीच्या घरातले होते. आणखी दहा वर्षं थांबले असते तर ऐकायला कोणी उरलं नसतं.

आमच्या भागात अशी माणसं आजही आहेत. एका गावच्या बैठकीत मी एका आजींना विचारलं की जुन्या दुष्काळाचं कुणाकडून काही ऐकलंय का. शेजारची तरुण बाई म्हणाली, 'तिले कायचं इचारता ताई, ते अडानी हाय.' आजी खवळल्या. म्हणाल्या, 'मले लिवता-वाचता येत नाई, मंग का आठवत बी नाई?' पुढे तासभर त्या त्यांच्या सासूच्या सासूबद्दल बोलत होत्या. काय खाऊन दिवस काढले, कोणती पोर कुणाला देऊन टाकली, कुणाचं शेत किती पायल्यांवर गेलं. पण त्या बाईचं नाव काही त्यांना सांगता आलं नाही. लग्नात नाव बदललं, नंतर ती अमक्याची माय झाली, मग बुढी झाली. मी शिबिरांत नेहमी विचारते, पणजोबाचं नाव कुणाकुणाला माहीत आहे? हात वर होतात. पणजीचं? हात खाली येतात. सातबाऱ्यावर, कुळाच्या यादीत पणजोबा टिकला. पणजीला टिकायला कागदच मिळाला नाही.

काही कार्यकर्त्या मला म्हणतात, तू कादंबऱ्यांचं काय घेऊन बसलीस? इथे दारूचा प्रश्न आहे, रेशनचा आहे, मारझोडीचा आहे. बरोबर आहे. पण माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट ऐका. नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या एका बाईबरोबर मी एका सरकारी कार्यालयात गेले होते. साहेबांनी विचारलं, शेती कोण करत होतं? ती म्हणाली, मीच करत होते. पेरणीपासून वेचणीपर्यंत तिनंच केली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. साहेबांनी तिच्या नावापुढे लिहिलं, 'घरकाम'. तो माणूस दुष्ट नव्हता. शेतकरी म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे धोतर नेसलेला, खांद्यावर नांगर घेतलेला पुरुषच येतो. हे चित्र त्याच्या डोक्यात कुणी घातलं? पाठ्यपुस्तकानं, सिनेमानं आणि त्या कपाटातल्या कादंबऱ्यांनीही. वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका आहेत. सीतादहीची पूजा करून पहिलं बोंड त्याच वेचतात. पण जमीन नावावर नाही, म्हणून बाईनं जीव दिला तर ती आत्महत्या शेतकऱ्याची म्हणून मोजायलाही अडचण. जी कालच्या गोष्टीत नव्हती, ती आजच्या रकान्यात कशी येणार? म्हणून जमिनीचा हक्क आणि गोष्टीतला हक्क ही दोन भांडणं मला वेगळी वाटत नाहीत.

एक इशाराही दिला पाहिजे. उद्या कुणी उत्साहानं लिहायला बसेल आणि या बाईच्या हाती तलवार देईल. तिला तेजस्वी डोळे देईल, तिच्याकडून इंग्रज साहेबाच्या मुस्काटात मारवेल. नको. आपल्याला नवी देवी नको आहे. ती कधी घाबरली असेल, कधी सुनेला तिनं छळलं असेल, खालच्या जातीच्या बाईला तिनं विहिरीवर हाकललंही असेल. ते सगळं येऊ द्या. तिनं पराक्रम केला म्हणून तिची गोष्ट लिहायची नाही. ती होती, तिनं राबून हा मुलूख उभा केला, एवढं कारण पुरेसं आहे. आणि तिची बोली धुऊन-पुसून पुण्याची करू नका. ती 'आमाले' म्हणाली तर 'आमाले'च लिहा.

मग आपण काय करायचं? लेखकाची वाट बघत बसायचं नाही. प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या वयानं सर्वांत मोठ्या तीन बायका शोधाव्या, आणि त्यांत वेगवेगळ्या जातींच्या वस्त्यांमधल्या बायका असतीलच असं बघावं. त्यांच्यापाशी बसून, त्यांनी ऐकलेलं आणि त्यांनी भोगलेलं, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी आवाज टिपून ठेवावा. आधी त्यांची परवानगी घ्यावी, आणि नाव द्यायचं की नाही ते त्यांनीच ठरवावं. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवावं. वाचनालयाच्या समितीत आपली एक तरी बाई जावी आणि पुढच्या खरेदीच्या यादीत 'स्त्री-पुरुष तुलना', 'धग', 'फकिरा' यांची नावं घालावी. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी 'ज्युबिली'चं, 'अ मर्सी'चं एकेक प्रकरण आपल्या बैठकीत सोप्या मराठीत सांगावं. मी हे करून पाहिलं आहे. कर्जात दिलेल्या मुलीची गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या बायकांना अमेरिका कुठे आहे ते समजवावं लागलं नाही. 'असंच असते माय,' म्हणून त्या आपल्याच गावातल्या गोष्टी सांगू लागल्या.

वेचणीचा हंगाम आटोपला की बायकांना जरा सवड मिळते. तेव्हाच कामाला लागू या. वहीच्या पहिल्या पानावर बाईचं स्वतःचं माहेरचं नाव लिहा, खाली तिच्या आईचं, आणि आठवलं तर आजीचं. आठवलं नाही तर ती जागा कोरी सोडा, भरून काढू नका. अशा वह्या तालुक्यात शंभर झाल्या की मग आपण लेखकांना बोलावू, आणि साधनं नाहीत हे आमच्यासमोर येऊन सांगा म्हणू.